गाडीचं वॅक्स आणि मावशींचा पगार

वॅक्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ब्यूटी पार्लर. माझंही तसंच होतं. गाडीलाही वॅक्स लावतात आणि ते निवडायला थोडं डोकं चालवावं लागतं, हे मला कळलं ते गेल्या वर्षी. तेही गल्लीतल्या एका भांडणामुळे.

आमच्या गल्लीतल्या पाच-सहा गाड्या एक मावशी धुतात. पहाटे सहाला बादली घेऊन हजर. थंडी असो की पाऊस, खाडा नाही. गाडीमागे महिन्याला चारशे रुपये. त्यातून नातीची फी आणि शाळेची रिक्षा भागते. समोरच्या भाऊंनी नवी कोरी काळी गाडी घेतली होती. सहा महिने झाले नाहीत तोच उन्हात तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसायला लागल्या. झालं! भाऊ भर रस्त्यात मावशींना नाही नाही ते बोलले. त्या महिन्याचे पैसे कापले आणि काम बंद.

मी आमच्या गाडीकडे जाऊन बघितलं. गडद निळा रंग, त्यावर तसंच जाळं. मी काही बोलणार, तेवढ्यात मावशीच हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, पावडर तुम्हीच दिली होती. फडकं पण.”

खरंच की! कपड्यांची पावडर मीच दिली होती. ह्यांच्या जुन्या बनियनचं फडकंही मीच फाडून दिलं होतं. आणि पावसाळ्यात चिखल वाळून बसला तेव्हा भांड्यांची घासणी काढून देणारी तरी दुसरी कोण होती? नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावली म्हणून सुनेला बोलणारी मी, आठ लाखांच्या गाडीला काय लावायचं याचा विचारही केला नव्हता. अजून त्या गाडीचे हप्ते चालू आहेत!

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. काम करायला सांगायचं, साधन चुकीचं द्यायचं आणि नुकसान झालं की हाताला दोष द्यायचा. हे आपण घरोघरी करतो.

मग निघाले बाजारात. पहिल्या दुकानात विचारलं, “गाडीला लावायचं वॅक्स दाखवा.” दुकानदार म्हणाला, “मॅडम, साहेबांना पाठवा ना, त्यांना सांगतो.” साहेबांना गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडे काही ठाऊक नाही, हे त्याला कोण सांगणार! दुसऱ्या ठिकाणी एका तरुण मुलाने सरळ अठरा हजारांच्या कोटिंगचं माहितीपत्रक हातात दिलं. “तीन वर्षं बघायला नको, मॅडम.” मी दोन्हीकडून रिकाम्या हाताने परत आले. मग लेकाला बसवलं शेजारी आणि डबे-बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

आजकालच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चकाकी या थराची. धुळीचे कण फडक्यात अडकून त्यावर घासले गेले की ते जाळं उमटतं.

आता दुकानात ‘पॉलिश’ आणि ‘वॅक्स’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. पण ही दोन कामं अगदी उलटी आहेत. दागिना उजळायला दिला की थोडंसं सोनं झिजतंच, हे आपल्याला आजीपासून माहीत आहे. पॉलिशचं तसं. ते पारदर्शक थर किंचित खरवडतं, म्हणून रेघा जातात. दर महिन्याला पॉलिश करून घेणं म्हणजे दर महिन्याला दागिना उजळायला देणं. वॅक्स खरवडत नाही, वर थर देतं. लोणच्याच्या बरणीत वर तेल असावं लागतं ना, तसं. पक्ष्यांची विष्ठा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, ऊन, धूळ हे सगळं आधी त्या थराला भिडतं. म्हणजे खराब व्हायचं ते वॅक्स होतं आणि रंग वाचतो. मात्र खोल ओरखडा वॅक्सने भरत नाही आणि दगड उडून लागला तर वॅक्स काही अडवत नाही. तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

डब्यावर ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘पॉलिश अँड वॅक्स’ असं लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा त्यात खरवडणारा अंश असतो. जुन्या, मळकट झालेल्या रंगाला ते एखाद्या वेळी ठीक. नव्या गाडीला नको.

मग घ्यायचं कोणतं? मुख्य प्रकार दोन. एक कार्नाउबा वॅक्स. हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. पानं वाळवून ते झटकून काढतात. गंमत म्हणजे हेच मेण लिपस्टिकमध्ये असतं आणि चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरही. पाकिटावर ९०३ हा आकडा दिसला तर ते हेच! ते वितळायला ८० अंशांहून जास्त उष्णता लागते, म्हणून गाडीवर चालतं. गडद रंगावर त्याची झळाळी सुंदर दिसते, पण टिकतं थोडं, काही आठवडे ते फार तर दोनेक महिने. ‘१०० टक्के कार्नाउबा’ या अक्षरांना भुलू नका. निव्वळ कार्नाउबा विटेसारखं कडक असतं, ते पसरायचं तर त्यात दुसरे द्रव मिसळावेच लागतात.

दुसरा प्रकार कृत्रिम, पॉलिमरचा. त्याला सीलंटही म्हणतात. झळाळी जराशी काचेसारखी, पण टिकायला चांगलं, नीट लावलं तर चार-सहा महिने. ज्यांची गाडी उघड्यावर उभी असते त्यांना माझ्या मते हेच बरं. आमचा साखर कारखान्याचा पट्टा. गळीत हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि गाडीवर काळी काजळी पडते. उन्हाळ्यात ऊन, वर बोअरचं जड पाणी. अशा ठिकाणी झळाळीपेक्षा राखण महत्त्वाची. मी सीलंट घेतलं. साडेचारशेची बाटली, चार वेळा लावूनही अजून निम्मी आहे.

फवारायचं स्प्रे वॅक्सही मिळतं. ते लावायला सोपं, पण थोडे दिवस टिकतं. एक लावणं आणि दुसरं लावणं यांच्या मध्ये ठीक आहे. आणि ते अठरा हजारांचं कोटिंग? ते खोटं नाही. चांगल्या हाताने केलं तर वर्ष-दोन वर्षं किंवा जास्तही टिकतं. पण त्यानंतरही गाडी मऊ फडक्याने, योग्य शाम्पूनेच धुवावी लागते. पावडर आणि घासणी चालू राहिली तर अठरा हजारांवरही जाळंच उमटणार.

पहिला प्रयोग आमचा फसला, तेही सांगते. रविवारी दुपारी कडक उन्हात मी आणि मावशींनी वॅक्स लावायला घेतलं, सढळ हाताने, साजूक तूप वाढावं तसं. पाच मिनिटांत ते वाळून पांढरं ढिम्म झालं, निघता निघेना. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर डाग बसले ते वेगळेच. हे गॅलरीतून बघत होते. म्हणाले, “सत्यनारायणाचा चौरंग मांडताय का?”

आता आमची पद्धत बसली आहे. सावलीत, पत्रा हाताला थंड लागेल तेव्हाच. आधी गाडीच्या शाम्पूने धुवायची. एका बादलीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. मायक्रोफायबरच्या फडक्याने कोरडी करायची. मग एकेका भागावर वॅक्सचा अगदी पातळ हात. जाड थराने जास्त राखण होत नाही, नुसतं पुसायचं काम वाढतं. बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं, पांढरट झाक आली की स्वच्छ फडक्याने पुसायचं. गाडीवर पाण्याचे गोल टपोरे थेंब उभे राहतात तोवर वॅक्स शाबूत. पाणी नुसतं पसरायला लागलं की पुन्हा लावायची वेळ झाली. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, एवढं आम्हाला पुरतं. अपघातानंतर गॅरेजमध्ये नवा रंग दिला असेल तर मात्र तो पुरता वाळायला महिना-दोन महिने द्या. आणि रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून आणलेली चमक नकोच. वॅक्स धुऊन जातं आणि धूळ जास्त चिकटते.

आता मूळ गोष्ट. आमच्या बचत गटात मी मावशींचा विषय मांडला. गटातून त्यांना दोन हजारांचं कर्ज दिलं. त्यातून शाम्पूचा कॅन, डझनभर मायक्रोफायबर फडकी आणि दोन बादल्या आल्या. मावशींनी दर वाढवला, गाडीमागे साडेपाचशे. वॅक्सचे वेगळे तीनशे, बाटली मालकाची. एका वहिनींनी कुरकुर केली, “धुणाऱ्या बाईला एवढे कशाला?” मी म्हटलं, “हेच काम शहरात एसी दुकानात केलं तर हजार दीड हजार मुकाट्याने देता की!” गेल्या महिन्यात मावशींनी कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला. गाड्या आता नऊ झाल्यात. समोरच्या भाऊंनी मात्र अजून बोलावलेलं नाही आणि कापलेले पैसेही दिलेले नाहीत. ते मी विसरलेले नाही.

मला वाटतं, दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, ‘गाडीतलं आपल्याला काय कळतंय’ हे म्हणणं सोडायचं. चांदी, पितळ, रेशीम, लाकूड यांना काय चालतं आणि काय नाही हे ज्यांना कळतं, त्यांना गाडीचा रंग का कळू नये? हप्ता घरच्या पैशांतून जातो, मग निवड करताना आपणच मागे का? दुसरी, घरात कामाला येणाऱ्या बाईच्या हातात साधन देताना त्यासोबत माहितीही द्यायची. पावडर आपली आणि चूक तिची, हा न्याय नाही.

उद्या सकाळी तुमची गाडी धुवायला कुणी येईल तेव्हा खाली जाऊन एकदा बादलीत डोकावून बघा. फेस कशाचा आहे, ते आधी तपासा.