माळ्यावरचा व्हिडिओ गेम काढलाच आहे, तर…

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज टाकून गेले होते, की मुलांचा जुना व्हिडिओ गेम भंगारात देण्याआधी एकदा टीव्हीला लावून तरी बघा. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी चकली मऊ का पडते यावरही आली नव्हती!

त्यातलं सांगलीकडच्या एका मैत्रिणीचं पत्र बाजूला काढून ठेवलंय. तिचा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला, आता स्वतः बाप झालेला. त्याचं खोकं तिनं माळ्यावरून काढलं, पुसलं, लावलं, तर चक्क चाललं. “दुपारी सगळं आटोपलं की तासभर खेळते. फार मजा येते हो. पण दाराची कडी वाजली की टीव्ही बंद करते आणि निवडायचं ताट पुढ्यात ओढते. जाऊबाई म्हणतात, या वयात शोभतं का? हे म्हणतात, देऊन टाक. ठेवायचाच झाला, तर एवढ्या कॅसेटींपैकी कुठल्या ठेवू?”

शोभण्याचं आधी बघू. गणपतीच्या रात्री घरातले पुरुष पहाटेपर्यंत पत्ते कुटतात तेव्हा हा प्रश्न कुणाला पडलेला मी तरी ऐकलेला नाही. आणि गंमत म्हणजे हे खोकं काढलं तेही मुळात पत्ते करणाऱ्या कंपनीनंच. जपानातल्या क्योटो शहरात १८८९ साली निन्टेंडो सुरू झाली ती फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवायला. त्याच निन्टेंडोनं १५ जुलै १९८३ रोजी हे यंत्र बाजारात आणलं. किंमत १४,८०० येन, नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’. फॅमिली, बरं का! अमेरिकेत ते १९८५ साली वेगळ्या नावानं आणि वेगळ्या रूपात गेलं. दोन्ही मिळून सहा कोटींवर यंत्रं खपली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आली ती बहुतेक तैवान-चीनकडची त्याची नक्कल. खेळाच्या डबीला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो, आणि तिच्यावर ‘९९९९ इन १’ असं बिनदिक्कत छापलेलं असायचं. आत खेळ वीस-पंचवीस, तेच पुन्हा पुन्हा, नावं बदलून. सेलमध्ये मिळणाऱ्या साड्यांसारखं.

आता कुठले खेळ ठेवायचे? मुलांची यादी निराळी, आपली निराळी. माझ्या कसोट्या दोनच. कुकरची शिटी झाली तर खेळ मध्येच ठेवून उठता येतं का? आणि शेजारी दुसरं कुणी बसलं तर त्याला हातात काही देता येतं का?

या दोन्हींत पहिला नंबर मी ‘बॅटल सिटी’ला देते. पोरं ज्याला ‘टँक’ म्हणायची, तो. नाम्को कंपनीनं १९८५ साली काढलेला. दिसायला अगदी साधा. खाली मधोमध एक गरुडाचं चिन्ह, त्याभोवती विटांची भिंत. ते आपलं ठाणं. वरून शत्रूचे रणगाडे येतात, एका डावात मोजून वीस. ते सगळे संपवायचे आणि गरुड सांभाळायचा. मारिओमध्ये दुसऱ्याची पाळी येईपर्यंत गालाला हात लावून बसावं लागतं, तसं इथं नाही. दोघं एकाच वेळी, एकाच पडद्यावर, एकाच बाजूनं. एकानं पुढं जायचं, एकानं घर राखायचं, आणि हे आपापसांत बोलून ठरवायला लागतं. चुकून गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, नुसता काही क्षण जागच्या जागी थिजतो. (ही सोय संसारातही हवी होती!) पण आपलीच गोळी आपल्या गरुडाला लागली, तर मात्र खेळ खलास. वीस रणगाडे लांबच राहिले आणि घाईघाईत वळून स्वतःच स्वतःचं ठाणं उडवलं, हे प्रत्येक जोडीचं एकदा तरी होतंच.

अधूनमधून बक्षिसं येतात. फावडं मिळालं की विटांची भिंत काही वेळ पोलादी होते, घड्याळ मिळालं की शत्रू थांबतात. नवशिक्या बायका तारा बघून धावतात, कारण त्यानं आपली तोफ सुधारते. धावा, पण जोडीदाराला सांगून धावा. शिवाय यात स्वतःचा नकाशा आखायची सोय आहे, कुठं वीट, कुठं पाणी, कुठं झाडी. सांगलीच्या मैत्रिणीला माझं सांगणं असं, की सुट्टीत नातवंडं आली की त्यांना नकाशा आखायला बसवा आणि खेळा तुम्ही. मुलाला कळवायची गरज नाही. तो आपण होऊन दुसरी दांडी मागेल.

दुसरा नंबर ‘टेट्रिस’चा. हा खेळ जन्मला रशियात. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतल्या अलेक्सेई पाजित्नोव या गणकानं तो १९८४ साली तयार केला. निन्टेंडोच्या यंत्रावर त्यांची स्वतःची आवृत्ती आली १९८९ साली. हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे जगभर खेळ खपत असताना करणाऱ्याला त्यातला वाटा मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. सात आकार, प्रत्येक चार चौकोनांचा, वरून खाली पडतात. फिरवून फिरवून ओळ भरायची. भरली की ती नाहीशी. यात आपल्याला शिकवायला लागतच नाही! डब्यांचं कपाट लावणं, लग्नाला निघताना एका बॅगेत चौघांचे कपडे बसवणं, फ्रिजमध्ये उरलेल्या आमटीच्या पातेल्याला जागा करणं, हेच आपण जन्मभर करत आलो. फरक एवढाच, की कपाट नीट भरलं तर ते तसंच राहतं, आणि इथं नीट भरलेलं तेवढं निघून जातं. डोळ्यांसमोर राहतं ते फक्त चुकलेलं. हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी जराशी गंभीर झाले होते.

आणि हा खेळ संपत नाही. वेग वाढत जातो आणि शेवटी आपण हरतो. निन्टेंडोच्या टेट्रिसमध्ये २९ वी पातळी आली की तुकडे इतके भराभर पडतात, की त्यापुढं माणसाची बोटं चालणारच नाहीत असं वर्षानुवर्षं धरून चालले होते. पण खेळणाऱ्यांनी दांडी धरायच्या नव्या तऱ्हा शोधल्या, आणि २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका १३ वर्षांच्या मुलानं १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली. तिथं यंत्रच गोठलं. तोवर या खेळात माणसानं यंत्राला असं थकवलं नव्हतं. तरीही मी टेट्रिस दुसरा ठेवते, कारण माझ्या पहिल्या कसोटीत तो नापास आहे. थांबवता येतो हो, पण थांबवावासा वाटत नाही. दूध उतू जातं.

आणि थांबवण्यावरून आठवलं. मैत्रिणी, दार वाजलं तर टीव्ही बंद करू नकोस. दांडीवर ‘स्टार्ट’ नावाचं बटण आहे, ते दाब. खेळ जिथल्या तिथं थांबतो. पाहुण्यांना आत घे, चहा टाक, आणि विचारलंच तर सांग, खेळत होते म्हणून. निवडायचं ताट ज्याचं त्या वेळी काढ.

तिसरा ‘सुपर मारिओ’. हा पहिला नाही म्हणून तुमची मुलं माझ्यावर रुसतील, रुसू देत. १३ सप्टेंबर १९८५ चा हा खेळ, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला, संगीत कोजी कोंडो यांचं. ते संगीत अजूनही कानात आहे ना? आठ मुलखांतले प्रत्येकी चार असे ३२ टप्पे, आणि हे सगळं मिळून अवघ्या ४० किलोबाइटमध्ये. हल्ली मोबाइलवर सकाळी येणारा ‘सुप्रभात’चा एक फोटोसुद्धा याहून जड असतो. जागा वाचवण्यासाठी त्यांनी काय केलं बघा: आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. एकाच कागदी बेतावर दोन ब्लाउज बेतावेत तसं. याला म्हणतात काटकसर! खोट एवढीच, की एका बैठकीत संपवावा लागतो. यंत्र बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ही आडवाट लक्षात ठेवा: पहिल्या मुलखातल्या दुसऱ्या टप्प्यात, जिथं भुयार आहे तिथं, शेवटाकडे वरच्या विटांवर चढून बाहेर पडायच्या नळाच्याही पुढं चालत राहा. तीन नळ लागतील. ते थेट दुसऱ्या, तिसऱ्या नि चौथ्या मुलखात नेतात. आणि राजकन्या मिळेपर्यंत सात वेळा वाड्यात जाऊन ती तिथं नसते, हेही आधीच सांगते. सरकारी कचेरीची सवय असेल तर जड जाणार नाही.

‘काँट्रा’ चौथा. कोनामी कंपनीचा, या यंत्रावर १९८८ साली आला. गोळीबार फार, पण दोघांनी मिळून खेळायला झकास. तीनच जीव मिळतात. मात्र सुरुवातीचं चित्र स्थिर झालं की वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे, मग बी, ए आणि स्टार्ट असं दाबलं तर तीस मिळतात. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ‘ग्रॅडियस’ या दुसऱ्या खेळासाठी घातला होता, कारण तपासणी करताना तो खेळ त्यांना स्वतःलाच जड जात होता. ते २०२० साली गेले. धबधब्याच्या टप्प्यावर एक जण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. यजमानांबरोबर खेळणार असाल तर कोण आधी चढणार ते तिथं पोचण्यापूर्वीच ठरवून घ्या.

मोटारसायकलचा ‘एक्साइटबाइक’ पाचवा. इंजिन तापलं की थांबावं लागतं, बाकी गंमत आहे. ‘पॅकमॅन’ला मी नंबर देत नाही. नाम्कोच्या तोरू इवातानी यांनी तो १९८० साली केला तो बायका-मुलींनीही खेळांच्या दुकानात यावं म्हणून, आणि त्यासाठी विषय निवडला खाण्याचा! हेतू चांगलाच होता, पण बायका म्हटल्या की खाणं, हे तिकडेही का?

कॅसेट चालत नसेल तर तोंडानं फुंकर मारू नका. मुलं मारायची आणि खेळ सुरूही व्हायचा, पण तो बहुधा काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्यानं आतले पत्रे गंजतात, निन्टेंडोनं स्वतःच तशी ताकीद दिली होती. औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानात घालतो तशी कापसाची काडी त्यात जेमतेम भिजवून पत्र्यांवरून फिरवा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. नेलपॉलिशचं रिमूव्हर अजिबात नको. आणि विजेचा अडॉप्टर इतकी वर्षं पडून असेल तर वायर कुठं तडकली नाही ना, ते इलेक्ट्रिशियनला आधी दाखवा.

राहता राहिला बंदुकीचा ‘डक हंट’. १९८४ सालचा. बऱ्याच जणींनी लिहिलंय, की बाकी सगळं चालतं, बंदूकच बिघडली आहे, नेम धरूनही बदक पडत नाही. बंदूक बिघडलेली नाही, बाई. टीव्ही नवा आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला दिसला तर नेम लागला. जुन्या, मागं फुगीर असलेल्या टीव्हीवर हे त्या क्षणी घडायचं. चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, आणि बंदूक तोवर वाट बघत नाही. तेव्हा फुगीर टीव्ही अजून घरात असेल तर डक हंट ठेवा, नसेल तर ती कॅसेट खुशाल देऊन टाका. तसाही तो कुत्रा नेम चुकला की गवतातून डोकं काढून हसतो, आणि त्याला गोळी लागत नाही.