बडे अब्बांची मुंबई, बडी अम्मींची मुंबई



15 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईत एका बसला निरोप देण्यात आला. होय, बसला! डिझेलवर चालणारी जुनी लाल दुमजली बस त्या दिवशी शेवटची धावली. मुंबईत दुमजली बस सुरू झाली 1937 मध्ये. शेवटच्या दिवशी लोकांनी तिला हारांनी सजवले, तिच्याजवळ उभे राहून फोटो काढले. विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली बसगाड्या त्याच वर्षी आल्या होत्या. पण लोकांना हुरहूर लागली ती जुनीची.

नंदुरबारला आमच्या घरी बडे अब्बा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोबाइलवर ती दृश्ये पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले. "वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की राजा झाल्यासारखे वाटायचे," ते म्हणाले.

बडी अम्मी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला तर त्या बसमध्ये कधी बसायलाच मिळाले नाही. एका हातात पिशवी, एका कडेवर मूल. हार कशाला घालायचे तिला?"

(हे बोलणे अर्थातच आमच्या घरच्या बोलीत झाले. मी ते तुम्हांला मराठीत सांगते आहे.)

दोघेही एकाच मुंबईत, एकाच खोलीत राहिलेले. मग एकाच्या डोळ्यांत पाणी आणि दुसऱ्याच्या कपाळावर आठी, असे का? या प्रश्नाचा मी पुष्कळ दिवस विचार केला. मला जे वाटते ते आज तुमच्यापुढे ठेवते.

बडे अब्बा 1971 मध्ये मुंबईला गेले. तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. 'मुंबई' म्हणजे त्यांच्या दृष्टीने बोरीबंदरपासून लालबाग-परळपर्यंतचा शहराचा जुना भाग. क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार, नागपाडा, मदनपुरा, भायखळा. मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांची जुनी वस्ती होती. तेथील अनेकजण कापड गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या विभागात, काम करीत. एका ओळखीच्या माणसाने बडे अब्बांनाही तेथेच चिकटवले. आपल्या खानदेशातला कापूस रेल्वेने मुंबईला जात असे. त्यामागून आपली माणसेही गेली.

ते सांगू लागले म्हणजे ऐकत राहावेसे वाटते. पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजत. घड्याळ कोणाकडे नव्हते आणि लागतही नव्हते. पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरून जाई. कोपऱ्यावर इराण्याचे हॉटेल असे. संगमरवरी टेबले, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटे. इराणमधील यज्द आणि केरमान या भागांतून आलेल्या लोकांनी ही हॉटेले काढली. धोबी तलावाजवळचे कयानी 1904 चे आहे आणि ते अजून चालू आहे. तेथे एक चहा आणि ब्रून मस्का घेतला की तास-दीड तास कोणी 'उठा' म्हणत नसे. बडे अब्बा उर्दू वर्तमानपत्र तेथेच वाचायला शिकले, असे म्हटले तरी चालेल. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा 'इन्किलाब' मोठ्याने वाचून दाखवी आणि चुकीचे उच्चार केले की रागावे.

भेंडी बाजार म्हटले की आपल्याला घासाघीस आणि गर्दी आठवते. पण त्या बाजाराच्या नावाने शास्त्रीय संगीताचे एक घराणे ओळखले जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्या घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर काही काळ गाणे शिकल्या. आणि गिरणगावात ज्यांच्या आवाजाने मैदाने भरत, ते शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. बडे अब्बा मुंबईत पोहोचण्याआधीच, 1969 मध्ये, ते वारले होते. तरीही बडे अब्बा त्यांच्याविषयी असे बोलतात, जणू काल संध्याकाळीच त्यांना ऐकून आले आहेत!

येथे मला पहिली शंका आली. बडे अब्बा ट्रामविषयीही असेच बोलतात. तिची घंटा, तिचे स्वस्त तिकीट. मुंबईची ट्राम 1874 मध्ये घोड्यांनी ओढली जाऊ लागली, 1907 मध्ये विजेवर आली आणि 31 मार्च 1964 रोजी कायमची बंद झाली. बडे अब्बा पोहोचले 1971 मध्ये. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिले तेव्हा ते थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "अगं, सगळे सांगायचे ना!"

मित्रांनो, बडे अब्बा खोटे बोलत नव्हते. दुसऱ्यांनी सांगितलेली आठवण त्यांनी इतक्या वेळा ऐकली, की ती त्यांची स्वतःची झाली. तशी ती आता माझीही झाली आहे. व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाडीत मी कधी बसले नाही, पण ती बंद झाली हे वाचून मलाही चुकचुकल्यासारखे झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये या गाड्या बेकायदा ठरवल्या, त्या घोड्यांच्या हालांमुळे. आपल्याला गाडीची चांदीसारखी नक्षी आठवते. डांबरी रस्त्यावर घसरणारा घोडा आठवत नाही.

आता बडी अम्मींची मुंबई ऐका. त्या शहाद्याच्या. 1976 मध्ये लग्न होऊन त्या मदनपुऱ्यात गेल्या. लग्नापूर्वी बडे अब्बा अकराजणांसह एका खोलीत राहत. दिवसपाळीचे लोक रात्री झोपत आणि रातपाळीचे दिवसा. म्हणून ती खोली सर्वांना पुरे. लग्नानंतर चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर अर्धी खोली मिळाली. अर्धी म्हणजे मध्ये चादर बांधलेली आणि पलीकडे दुसरे कुटुंब. नळ खाली, चौकात. पाणी पहाटे चारला येई. हंडा घेऊन जिना उतरायचा, रांगेत उभे राहायचे, भरलेला हंडा घेऊन जिना चढायचा. असे चार वेळा. इराण्याच्या हॉटेलात त्या आठ वर्षांत दोनदा गेल्या. "तेथे बायका बसत नसत असे नाही," त्या म्हणाल्या, "पण मला वेळ कधी होता?"

बडे अब्बाही पहिली काही वर्षे 'बदली' कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या फाटकापाशी उभे राहायचे; कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर घरी. हे ते आपण होऊन कधी सांगत नाहीत. विचारावे लागते.

माझे मत असे आहे : जुने दिवस आठवून मन भरून येणे यात काही वाईट नाही. पण जो माणूस आठवण सांगतो, तो त्या वेळी कोठे बसला होता, हे विचारल्याशिवाय ती आठवण पुरी होत नाही. बसच्या वरच्या मजल्यावर, की खाली दांडीला धरून?

सआदत हसन मंटो हे नाव तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकले असेल. ते 1936 मध्ये मुंबईला आले आणि जानेवारी 1948 मध्ये लाहोरला गेले. पुढे 1955 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना मुंबईची ओढ वाटत राहिली. पण त्याच मंटोंनी आपल्या मुंबईतील खोलीत ढेकूण होते, हेही लिहून ठेवले आहे. त्यांनी मुंबईवर प्रेम केले ते ढेकणांसकट. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

हा प्रश्न केवळ आठवणींचा असता तर मी एवढे लिहिले नसते. 31 ऑगस्ट 2017 रोजी, बकरी ईदच्या दोन दिवस आधी, भेंडी बाजारातील हुसैनी इमारत सकाळच्या वेळी कोसळली. तीस पेक्षा अधिक माणसे मरण पावली. ती इमारत शंभर वर्षांहून जुनी होती. अशा इमारतींचे नक्षीदार सज्जे आणि लाकडी जिने यांचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. पण त्या जिन्यांना आधार द्यायला कोणी का आले नाही? त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक समजून घ्या. 1947 च्या कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी जवळजवळ 1940 च्या पातळीवर गोठवली. गरीब भाडेकरूला त्याने मोठे संरक्षण मिळाले. परंतु वर्षानुवर्षे भाडे वाढले नाही तेव्हा मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली. म्हणजे ज्या कायद्याने लोक त्या घरांत टिकले, त्याच कायद्यामुळे ती घरे खिळखिळी झाली. भेंडी बाजारात आता सुमारे अडीचशे जुन्या इमारती पाडून उंच इमारती बांधण्याची योजना चालू आहे. "आमची जुनी मुंबई पाडू नका" असे दूर राहून म्हणणे सोपे आहे. छताचे पोपडे ज्याच्या ताटात पडतात, त्याला आधी विचारायला हवे.

शिवाय 'जुने' म्हणजे तरी काय? 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीत हवा-उजेड यावा म्हणून 1898 मध्ये एक सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुनी घरे पाडून नवे रुंद रस्ते काढले. आज ज्याच्या आठवणीने आपण उसासे टाकतो तो मोहम्मद अली रोड याच ट्रस्टच्या कामातून झाला. तेव्हाही कोणा बडे अब्बांनी आपली हरवलेली गल्ली आठवून डोळे पुसले असतील. 2002 मध्ये त्याच रस्त्यावर लांबलचक उड्डाणपूल झाला. आता गाड्या वरून जातात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांत डोकावतात.

मग हरवले असे काहीच नाही का? हरवले आहे, आणि ते मोठे आहे. मात्र ते ट्राम नव्हे.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले नाही, आणि गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. बडे अब्बा दोन वर्षे वाट पाहून 1984 मध्ये नंदुरबारला परतले. येथे मिरचीच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, त्यांना काम मिळाले. गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय करावे याविषयी 1991 मध्ये नियम झाला होता : साधारणपणे एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक हिस्सा घरांसाठी, एक हिस्सा मालकाला. 2001 मध्ये तो नियम बदलून केवळ रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरता ठेवला गेला. गिरण्यांत रिकामी जमीन असणार ती किती? बहुतेक जागा शेड आणि चिमण्यांनीच व्यापलेली! त्यामुळे मैदाने आणि कामगारांची घरे यांच्या वाट्याला फारच थोडे आले. बाकीच्या जागी कचेऱ्या, मॉल आणि मनोरे उभे राहिले.

2019 मध्ये मी बडे अब्बांना मुंबईला घेऊन गेले होते. लोअर परळला एका मॉलसमोर ते बराच वेळ उभे राहिले. पाय दुखू लागले म्हणून बसायला जागा शोधू लागले. आत थंड हवा होती, कोणी अडवतही नव्हते. पण बसायचे तर काही विकत घ्यावे लागणार होते आणि तेथील एका चहाच्या किमतीत आमचा दोघांचा जेवणाचा खर्च निघाला असता. शेवटी ते रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर टेकले.

माझ्या मते हरवले ते हे. खोली अर्धी होती, नळ खाली होता, काम रोजचे पक्के नव्हते, हे सारे खरे. पण ज्याच्या खिशात एका चहाचे पैसे होते, तो शहराच्या मधोमध राहू शकत होता, कामावर चालत जाऊ शकत होता आणि कोपऱ्यावर तासभर बसू शकत होता. आता तेच काम करणारा माणूस दोन-दोन तासांचा लोकलचा प्रवास करून येतो आणि काम संपताच परततो. तुमच्यापैकीही काहीजण उद्या मुंबईला किंवा सुरतेला जातील. तेथे ट्राम नाही म्हणून तुमचे काही अडणार नाही; खोली मिळाली नाही तर मात्र अडेल. जुन्या मुंबईसाठी हळहळणाऱ्यांनी या खोलीसाठीही थोडे हळहळावे, अशी माझी अपेक्षा आहे.

परवा मी दोघांना विचारले, "पुन्हा मदनपुऱ्यात जाऊन राहाल का?"

बडे अब्बा लगेच 'हो' म्हणतील असे मला वाटले होते. ते गप्पच राहिले. मग म्हणाले, "इराण्याकडचा तो म्हातारा असेल तर."

बडी अम्मींना विचारायची सोयच नव्हती, असे मी समजून चालले होते. पण त्या हातातले काम थांबवून म्हणाल्या, "नळ घरात असेल तर जाईन. रांगेत माझ्यापुढे रत्नागिरीकडची एक मावशी असायची. मला मराठी तिनेच शिकवले. हंडा भरेपर्यंत रोज दोन-चार नवे शब्द." मग जरा थांबून त्यांनीच विचारले, "पण नळ घरात आला, तर ती भेटणार कोठे?"