टॅरोटचे पत्ते आणि हरवलेला विवेक

एकेकाळी टॅरोट हा शब्द आपल्याकडे शहरी नियतकालिकांतील भविष्याच्या सदरापुरताच होता. आज टॅरोटचा कॅट घरपोच मिळतो आणि तो वाचायला शिकवणारे धडे मोबाइलवर फुकट मिळतात. रत्नागिरीच्या मांडवीत राहणाऱ्या तरुणीला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. नोकरी लागेल का, परदेशचा व्हिसा मिळेल का, जमलेले लग्न टिकेल का, असे प्रश्न उराशी घेऊन तरुण मने या धड्यांकडे वळतात. आपली ख्रिस्ती कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. ‘हे सैतानी आहे’ एवढे म्हणून विषय मिटवणे सोपे असते. परंतु अपुऱ्या माहितीवर दिलेली ताकीद तरुण मन मानत नाही. म्हणून आधी वस्तुस्थिती पाहू या.

टॅरोटच्या कॅटात ७८ पाने असतात. त्यांपैकी ५६ पाने आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी चार रंगांची, तर उरलेली २२ चित्रांची. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानसारख्या दरबारांत, ती जन्माला आली ती डाव खेळण्यासाठी. चित्रांची पाने म्हणजे हुकमाची पाने. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात हा खेळ आजही खेळला जातो. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या लेखकाने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान आहे, असे जाहीर केले. गंमत अशी, की इजिप्तची चित्रलिपी उलगडण्याची किल्ली शाम्पोल्यों यांना सापडली ती १८२२ मध्ये! ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ आणि श्रद्धावंत कॅथलिक मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सारा इतिहास साधार मांडला आहे.

नवशिके ज्या कॅटावर शिकतात, तो बहुधा १९०९ साली लंडनमध्ये निघालेला असतो किंवा त्यावरून बेतलेला असतो. ए. ई. वेट यांच्या कल्पनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने त्यातील प्रत्येक पानावर एक प्रसंग रंगवला. याच बाईंनी १९११ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

शिकवण्याची रीत साधी आहे. प्रथम ७८ पानांचे अर्थ पाठ करायचे. पान उलटे आले तर वेगळा अर्थ. मग तीन पाने मांडायची: भूतकाळ, वर्तमान, भविष्य. शेवटी अंतर्मन सांगेल तसा त्यांचा मेळ घालायचा. अर्थ इतके सैल असतात, की ऐकणाराच त्यात आपले दुःख भरतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर वाटला. प्रत्येकाला तो स्वतःचाच वाटला; पाचपैकी सरासरी ४.२६ गुण त्यांनी त्याला दिले. पत्त्यांचे ‘खरे ठरणे’ बऱ्याच अंशी असेच असते.

ख्रिस्तसभेची शिकवण मात्र केवळ ‘हे खोटे आहे’ एवढ्यावर थांबत नाही. कॅथलिक धर्मशिक्षा ग्रंथ (परिच्छेद २११६) शकुन, हस्तरेषा, फलज्योतिष असे सर्व प्रकार नाकारतो. कारण त्यांमागे काळावर आणि शेवटी इतर माणसांवर सत्ता गाजवण्याची इच्छा दडलेली असते. त्याआधीचा परिच्छेद दुसरी बाजूही सांगतो: भविष्य परमेश्वराच्या हाती विश्वासाने सोपवावे, पण दूरदृष्टीचा अभाव हाही बेजबाबदारपणा ठरू शकतो. ४ डिसेंबर २०१९ च्या जाहीर भेटीत तत्कालीन परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी पत्ते आणि हात पाहायला जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना थेट प्रश्न विचारला होता. त्या दिवशी ते इफिससविषयी बोलत होते. तेथील जादूटोणा करणाऱ्यांनी पन्नास हजार रौप्य नाण्यांच्या किमतीची आपली पुस्तके स्वतः आणून जाळली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ (अध्याय १९) सांगते. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती.

भाकीत आणि दूरदृष्टी यांतला फरक मांडवीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाने कोकण किनाऱ्यावर काय केले, हे मच्छीमार कुटुंबे विसरलेली नाहीत. हवामान खात्याचा अंदाजही चुकतो; परंतु तो कशावरून केला हे सांगता येते, चूक तपासता येते, आणि होडी काढायची की नाही हा निर्णय तांडेलाचाच राहतो. पत्ता चुकला तर जबाबदार कोण? येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. जुन्या इटालियन चित्रपानांत पोप आहेत, अंतिम न्यायाचा दिवस आहे आणि चार मूलभूत सद्गुणांपैकी न्याय, धैर्य व संयम हे तीनही आहेत. चौथा सद्गुण, विवेक, मात्र त्या पानांत आढळत नाही. तो पत्त्यांतून मिळत नाही. प्रार्थना, विचारविनिमय आणि अनुभव यांतून कमवावा लागतो.

मात्र तरुणांना दोष देण्यापूर्वी आपण आपलेही घर तपासावे. ‘हा संदेश नऊ जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट घडेल’ असे निरोप पुढे पाठवणारे आपल्यातच आहेत. संतांचे पदक ताईत समजून बांधणे आणि नोव्हेनाचे दिवस मोजून देवाशी सौदा करणे यालाही धर्मशिक्षा ग्रंथ (परिच्छेद २१११) अंधश्रद्धाच म्हणतो.

पत्ते वाचणारा अर्धा तास समोर बसतो, नाव विचारतो, ऐकून घेतो. आपल्या धर्मग्रामात तरुणाला असा अर्धा तास कोण देते? पालकांनी कॅट सापडताच तो फेकून देण्याआधी मुलाला ‘कोणता प्रश्न विचारलास?’ असे विचारावे. आम्हा धर्मगुरूंनी मिस्सेनंतर घाईने निघून न जाता थोडे थांबावे. युवक मंडळांनी नोकरी आणि विवाह यांविषयी जाणत्या माणसांशी मोकळ्या चर्चा घडवाव्यात. आणि ज्यांनी हे पत्ते वाचून घेतले, त्यांना भय घालू नये. प्रायश्चित्त संस्काराचे दार त्यांच्यासाठी उघडेच आहे. उद्या काय होईल हे आपल्यापैकी कोणीही त्यांना सांगू शकणार नाही. परंतु उद्या जे होईल त्यात ते एकटे नसतील, हे आश्वासन धर्मग्राम देऊ शकतो, आणि त्याने ते पाळावे.