वणवा लावणारा हात, वणवा विझवणारा हात

मेळघाटातील तरुण-तरुणींनो, फेब्रुवारी उजाडला की सिपनेच्या दोन्ही तीरांवर सागाचा पाला साचतो आणि जाळरेषा काढायला माणसे रानात शिरतात. पुढे मोह गळू लागतो. फुले वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवतो, वारा फिरतो आणि डोंगर पेटतो. मग पहाटेपर्यंत हिरव्या फांद्यांनी ती आग झोडपत कोण उभे असते? सेमाडोहचीच पोरे. काडी लावणारा आणि आग झोडपणारा पुष्कळदा एकाच घरचे सख्खे भाऊ असतात. कधी कधी तर तो एकच माणूस असतो!

तरीही परतवाड्याच्या बाजारात आणि कचेऱ्यांच्या ओसरीवर तुमच्याविषयीचा निकाल आधीच लागलेला असतो: हे आळशी, हे व्यसनी, यांचा स्वभावच तसा. स्वभाव? १९७४ साली येथे व्याघ्रप्रकल्प आला आणि आज्या-पणज्यांच्या रानात त्यांची नातवंडे रोजंदार ठरली. सुगी सरली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन परमुलखात जायचे आणि होळीला परतायचे. लेकराचे अर्धे शालेय वर्ष वीटभट्टीच्या धुळीत जायचे. मुकादमाची शिवी हा पहिला धडा आणि सांजेची बाटली हा दुसरा! ज्याच्या हाती कधी किल्ली दिली नाही, त्याला राखणदारी जमत नाही म्हणून हिणवावे, हा कोणता न्याय? पावसाळ्यात शहरांतून मोटारी भरून येणारी आणि घाटात बाटल्या फोडून जाणारी शिकलेली पोरेही तुमच्याच वयाची. त्यांनी केली ती मौज. तुमच्या तोंडाला वास आला की लगेच जात निघते.

शास्त्र या निकालाच्या बाजूने नाही. मनाला लगाम घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर मोटार हाकण्याच्या खेळात, मित्र बघत असताना, किशोरवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा सुमारे दुप्पट धोके पत्करले. विशीच्या आसपासच्या तरुणांनी सुमारे दीडपट. प्रौढांत मात्र फारसा फरक पडला नाही. अमेरिकेतली पोरे काय आणि हरिसालच्या पारावरची काय, रग तीच! चारजण बघत असले की हात सैल सुटतो. पण ते चारजण आग विझवायला निघाले, तर पाचवा घरी निजून राहील काय?

याचे उत्तर तुमच्या डोंगराच्या पायथ्याशीच आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर गावकऱ्यांनी झाडे लावली, जपली. तिथल्या सीताफळांना मुंबईचा बाजार मिळाला आणि २०१४ साली गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. माणसे तीच, माती तीच. बदलला तो हक्क. आपल्या रानाला कोणी काडी लावत नाही. याच वऱ्हाडात, शेंडगावी १८७६ साली जन्मलेला एक निरक्षर परीट गावोगाव आधी रस्ते झाडी आणि मग कीर्तनाला उभा राही. गाडगेबाबांनी लोकांना झाडा म्हणून बजावण्याआधी स्वतः खराटा हाती घेतला, आणि बघता बघता गाव मागे आले. चांगुलपणाची लागणही संगतीनेच होते.

म्हणून, तरुणांनो, आता मला तुमच्याशीच भांडायचे आहे. अन्याय दुसऱ्यांनी केला, हे सत्य आहे. पण बायकोवर उगारलेला हात तुमचा आहे. म्हातारीला डाकीण ठरवणाऱ्या घोळक्यात गप्प उभे राहणारे तोंड तुमचे आहे. या लाजेचे ओझे कोणत्या कचेरीच्या दारात टाकाल? स्वाभिमान हा गाऱ्हाण्याच्या अर्जावर मिळत नसतो.

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली, मतदार यादीत नाव चढले, की तुम्ही ग्रामसभेचे सभासद. आदिवासी भागांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने दारूच्या नियंत्रणाचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार याच सभेला दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने रान राखण्याचा अधिकारही तिच्याच हाती ठेवला. इतकी सत्ता दारात पडून असता तुम्ही सभेच्या दिवशी मोबाईलमध्ये मान घालून बसणार? होळीनंतर रस्ता अडवून, गाणी म्हणत, हक्काने फगवा मागणारी तुम्ही मंडळी! तोच हक्काचा आवाज सभेत का बसतो?

येत्या १ मेला ग्रामसभा आहे. मोह वेचून झालेला असेल, रान अजून कोरडे असेल. या सभेला बहिणींना घेऊन या, स्थलांतरातून परतलेल्यांना घेऊन या, दारू सोडू पाहणाऱ्या मित्राला तर हाताला धरून आणा. मागच्या भिंतीला टेकून बसू नका. पहिल्या रांगेत बसा, आणि आपल्या रानाचा पहिला ठराव स्वतःच्या तोंडाने, आपल्या कोरकू भाषेत मांडा.