इंडिका गेली, टियागो आली; पण गावाचं डिझेलचं गणित मोडलं

पुणतांबा : शिर्डीचा रेल्वेफाटा जिथून फुटतो त्या पुणतांब्यात एमएच १७ पासिंगची जुनी इंडिका दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. पण टाटा मोटर्सने या गाडीचं उत्पादन २०१८ मध्येच थांबवलं. आता मालकांपुढे प्रश्न आहे, जुनी चालवायची की बदलायची?

डिसेंबर १९९८ मध्ये आलेली इंडिका पुण्याजवळ पिंपरीत बनायची. पाच माणसं, मागे सामान आणि स्वस्त डिझेल, हे गणित शेतकऱ्यालाही पटलं आणि भाडं मारणाऱ्यालाही.

ते गणित दोन निर्णयांनी मोडलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने डिझेलच्या दरावरचं नियंत्रण काढलं आणि पेट्रोलशी असलेला फरक कमी होत गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. छोटं डिझेल इंजिन या नियमात बसवणं महाग पडू लागलं. मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. इंडिकाची जागा घेणाऱ्या टियागोचं डिझेल मॉडेलही थांबलं. छोट्या गाड्यांत टाटाचीच अल्ट्रोझ हा डिझेलचा अपवाद उरला, पण ती महाग.

आज टियागो पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिकमध्ये मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किंमतही उतरली. तरी शोरूमला जाण्याआधी सीएनजी पंप घरापासून किती लांब आहे आणि तिथे रांग किती लागते, हे आधी बघावं.

जुनी गाडी ठेवायची असेल तर कागद सांभाळा. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. त्याची फी ५ हजार रुपये, तर २० वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार. हरित कर वेगळा. दिल्लीतल्या दहा वर्षांच्या डिझेलबंदीचे मेसेज मोबाईलवर फिरतात, पण तो नियम महाराष्ट्रात नाही. त्या भीतीने गाडी भंगाराच्या भावात देऊ नका.

महिन्यातून चार वेळा बाजार-दवाखाना एवढंच काम असेल आणि इंजिन धडधाकट असेल, तर नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा ही फी परवडते. रोजचं भाडं असेल तर मात्र सीएनजीचा हिशोब मांडायलाच हवा.