मास्टर स्विच: साफ करावा की बदलावा?

जून लागला की लोणावळ्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे एक तक्रार हमखास येते: काच खाली गेली, आता वर येईना. गाडी बहुधा पंधरा-वीस वर्षांची, सँट्रो, इंडिका, एखादी एस्टीम. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात उघडी काच म्हणजे एका रात्रीत भिजलेली सीट आणि पुढे महिनाभर कुबट वास. त्यामुळे निर्णय घाईत होतो.

घाईत पहिला बळी जातो निदानाचा. बटण दाबल्यावर गाडीतला दिवा किंचित मंदावला, तर करंट मोटरपर्यंत पोचतोय. दोष काचेच्या मशीनमध्ये किंवा कडक झालेल्या रबरात शोधावा. दिवा ढिम्म राहिला तर फ्युज, दरवाजाच्या बिजागरीपाशी तुटलेली वायर किंवा स्विच. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या मोटरचं सर्किटही चालकाच्या मास्टर स्विचमधून फिरून जातं. मागची काच बंद पडली म्हणून मागचं बटण बदलायचं, आणि आजार पुढच्या दरवाजात, असं घडतं ते यामुळे.

स्विचच दोषी ठरला, तर सफाईचा पर्याय मला मुळीच कमी प्रतीचा वाटत नाही. स्विच उघडला की तांब्याच्या छोट्या पट्ट्या दिसतात, कडांना हिरवट थर आणि पॉइंटवर काळा कार्बन. पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बटण पुन्हा काम करू लागतं. गाडीचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपत आलंय, पासिंग आणि पर्यावरण कराचा खर्च समोर आहे, वर्षभरात गाडी विकायचीच आहे, अशा माणसाने नव्या स्विचवर पैसे घालावेत असा आग्रह धरणं अन्यायाचं आहे.

पण पॉइंट काळा का पडला, हा प्रश्न सफाईने सुटत नाही. त्यातून मोटरचा पूर्ण करंट जातो. काच रबरात घासत चढली की मोटर जास्त करंट ओढते, ठिणगी मोठी पडते, पॉइंट जळतो. घासताना पॉइंटवरचा मुलामाही निघतो आणि आपल्याकडचं धुकं पुढचं काम करतं. ऑक्टोबर 2012 मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे 74 लाख गाड्या याच मास्टर स्विचसाठी परत बोलावल्या. आतलं ग्रीस सारखं लागलेलं नव्हतं, बटण अडखळत होतं. बाजारातलं वंगण त्यात मारू नका, स्विच वितळून आग लागू शकते, असा इशाराही तेव्हा दिला गेला. आपल्याकडे मात्र अडकलेल्या बटणावर हाताशी असेल तो गंजाचा स्प्रे सर्रास मारला जातो. हे थांबलंच पाहिजे.

बदलायचाच म्हटलं, तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याला भंगारातला स्विच मिळतो. माल कंपनीचा असतो, पण त्यानेही तितकेच पावसाळे पाहिलेले असतात. लोकल नवा स्वस्त, आतल्या पट्ट्यांचा भरवसा नाही. कंपनीचा नवा महाग, आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असं नाही.

मागच्या दरवाजांना साफ केलेला किंवा भंगारातला स्विच खुशाल चालवावा. चालकाचा मास्टर स्विच मात्र, गाडी ठेवायची असेल तर, नवा आणि कंपनीचाच घ्यावा. जुन्या गाड्यांत अडथळा आला की आपोआप खाली उतरणारी काच सहसा नसते. बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलं आणि लहान मुलाचा हात काचेवर असला, तर काच थांबत नाही. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला, वरसोलीच्या किंवा खालापूरच्या टोलनाक्यावर काच उघडावी लागत नाही, मग दुरुस्ती कशाला, ती वर ढकलून बंदच ठेवू, असं काही जण म्हणतात. बोरघाटात धुक्यात समोरची काच आतून धूसर होते आणि एसी साथ देत नाही, तेव्हा ही बंद काच महागात पडते.

काहीही ठरवा, काचेचं रबर त्याच वेळी साफ करून त्याला सिलिकॉन स्प्रे मारून घ्या, नाहीतर नवा पॉइंटही जळेल. दरवाजाच्या पॅनेलमागे एक प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाटला किंवा अर्धवट चिकटवला तर पावसाचं पाणी गाडीत उतरतं. पॅनेल परत बसवण्याआधी तो नीट लागलाय ना, हे मालकाने स्वतः उभं राहून बघावं.