कारागिराच्या हाती दोरी

व्यवस्थापनाचा विषय निघाला की आपल्या कारखानदार बंधूंमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतात, साहेबी पद्धत आणा: घड्याळ, हजेरी, दंड. दुसरे म्हणतात, आपले उस्ताद-शागिर्दाचे नाते आहे, कारागीर घरच्यासारखा, कागद हवेत कशाला? आम्हाला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. त्याचे कारण मागाजवळच सापडते.

जपानच्या साकिची टोयोडा यांनी 1924 साली तयार केलेला स्वयंचलित माग ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबत असे. खराब कापड पुढे विणलेच जात नसे. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याच्या हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. ज्या देशाने जगाला यंत्रमाग दिला, त्याच देशाची ही कंपनी!

त्याच घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला आणि मागाचा नियम माणसांना लावला. दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढावी; मदतीला माणूस येतो, आणि दोष निघाला नाही तर काम थांबते. मोजमापाचे शास्त्र मात्र जपानी कारखानदारांनी 1950 पासून डेमिंग या अमेरिकन माणसाकडून शिकून घेतले. घेताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि खराब गाड्यांमुळे बदनाम होता. तो 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तोही बहुतेक जुन्याच कामगारांना आणि त्यांच्याच युनियनला घेऊन. त्यांच्या हाती दोरी दिली आणि थोड्याच वर्षांत तेथील गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. 2010 पर्यंत तो चालला.

नुसत्या बाह्य देखाव्याने मात्र काही होत नाही. आपल्या देशात मारुतीने साहेब आणि कामगारांना एकच गणवेश, एकच उपाहारगृह दिले. तरीही 2012 मध्ये मानेसरला हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा जीव गेला.

आता भिवंडी-मालेगावकडे वळू. ताक्यातला दोष सर्वांत आधी कारागिरालाच दिसतो. पण बोलला तर मजुरी कापली जाणार, म्हणून तो गप्प राहतो. दोष सापडतो तो व्यापाऱ्याच्या पेढीवर, आणि अख्खा माल परत येतो. ज्याला आपण घरचा म्हणतो त्याला घरात तोंड उघडता येत नसेल, तर ते घर कसले? उस्तादाला चूक दाखवणे म्हणजे बेअदबी, ही पूर्वेची शिकवण नव्हे. ती आपली खोड आहे.

वहीदेखील साहेबाची नव्हे. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. तरी कारागिराची उचल आपण तोंडी ठेवतो आणि ईदच्या तोंडावर भांडत बसतो.

ज्यांचे दहा-बारा माग आहेत त्यांनी एक महिना करून पाहावे. स्वतःहून दोष सांगणाऱ्याची मजुरी कापू नये. कोणता माग, कोणते सूत, कोणती पाळी, हे वहीत लिहावे आणि महिनाअखेर ती सर्वांसमोर उघडावी. आमचा अंदाज असा, की कारागिरापेक्षा सुताचे आणि मागाचेच नाव त्यात जास्त वेळा येईल. त्या मागाची दुरुस्ती मालकाने किती दिवस लांबवली, तेही मग सर्वांना दिसेल.